गट नंबर ८४/२

आमच्या क्लासच्या प्रवेश अर्जात अगदी खाली 'इतर माहिती' असा एक रकाना होता. तो का ठेवला होता हे मालकांनाही माहीत नव्हतं आणि तीन वर्षांत तो कुणी भरलाही नव्हता. भाऊसाहेबांनी तो भरला. टपोऱ्या, एका उंचीच्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'निरंक'.

"रिकामा सोडला असता तरी चाललं असतं," मी म्हटलं.

"न्हाय मॅडम. निरंक म्हंजी मी रकाना वाचला, इचार केला आन सांगण्याजोगं कायबी न्हाय. रिकामा म्हंजी मी वाचलाच न्हाय. उद्या त्यात कोण काय भरंल, त्याला जबाबदार कोण?"

पायथनमध्ये शून्य वेगळं, रिकामी स्ट्रिंग वेगळी आणि 'नन', म्हणजे काहीच नसणं, ते आणखी वेगळं, हे मी दोन वर्षं घसा कोरडा करून शिकवत होते. पोरं मान डोलवत आणि परीक्षेत तिन्ही एकच लिहीत. हा गृहस्थ फी भरायच्या आधीच ते मला समजावून गेला.

ज्ञानदेव शंकर भोईटे, मुक्काम लासुर्णे, निवृत्त तलाठी. तलाठ्याला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात आणि निवृत्तीनंतर पगार थांबला तरी ते म्हणणं काही थांबत नाही. माझी आई त्यांच्यापेक्षा वयानं मोठी, तीही त्यांना भाऊसाहेबच म्हणायची. क्लास इंदापुरात, स्टँडपासून चार मिनिटांवर, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मी बी.एस्सी. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत म्हणून तिथं शिकवायला लागले होते आणि 'लागेपर्यंत' चांगलंच लांबलं होतं. भाऊसाहेब आठवड्यातून तीन दिवस एसटीनं यायचे. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला तीन पेनं. निळं लिहायला, काळं सहीला. लाल पेन त्यांनी उघडलेलं मी कधी पाहिलं नाही.

"लाल वरच्या सायबाचं असतं," ते म्हणाले होते.

"मग तुम्ही का बाळगता?"

"सायब ऐन टायमाला आपलं घरी इसरत्यात."

त्यांनी बारामतीला जाऊन नवा कोरा लॅपटॉप घेतला होता. त्याच्याबरोबर मिळालेली काळी बॅग त्यांनी बायकोला बाजाराला दिली आणि लॅपटॉप लाल फडक्यात बांधला, वर दोन गाठी. सरकारी दप्तर चौतीस वर्षं असंच बांधलं, मग हे काय वेगळं आहे, असं त्यांचं म्हणणं. क्लास सुरू व्हायच्या वेळी ते गाठी सोडायला घ्यायचे आणि बाकीची पोरं काहीतरी पूजा चालली असावी तशी गप्प बसायची. मग खिशातली डायरी निघायची. तिच्यात एसटी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, क्लासमध्ये वीज कधी गेली, कधी आली, हे सगळं नोंदलेलं. एकदा मी सहा मिनिटं उशिरा आले तर तेही नोंदलं. वर म्हणाले, "तक्रार न्हाय मॅडम. नुसती नोंद हाय."

साठीला टेकलेल्या माणसानं प्रोग्रॅमिंग का शिकावं, याचं कारण पाणी होतं. त्यांच्या वस्तीवर एकवीस शेतकऱ्यांची उपसा योजना होती. कालव्याच्या कडेला एक मोटार, तिचं पाणी पाळीपाळीनं प्रत्येकाच्या रानाला. आज याची पाळी की त्याची, यावरून दर आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सुटलं की, शिवीगाळ. एकदा तर दोन सख्खे चुलत भाऊ एकाच व्हॉल्व्हला दोन बाजूंनी लोंबकळले होते. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की पाळीपत्रक भाऊसाहेबांनी करायचं, कारण एकवीसही जणांचा ज्याच्यावर विश्वास आहे असा माणूस वस्तीवर एकच. चौतीस वर्षांच्या नोकरीत या माणसाच्या दप्तरात एकही खाडाखोड नव्हती. ते सांगायचे नाहीत, गाव सांगायचं. त्यांचं अक्षर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण पत्रक हातानं केलं तर उद्या कुणी म्हणेल, भाऊसाहेबांनी जावयाला पुढं घातलं. म्हणून ते यंत्राकडून करून घ्यायचं, असा त्यांचा बेत होता.

डेटा टाईप त्यांना एका तासात कळले. खरं म्हणजे ते त्यांना आधीच येत होते, मी फक्त इंग्रजी नावं सांगितली. इंट म्हणजे नग. विहीर एक, झाडं बारा, साडेबारा झाडं नसतात. फ्लोट म्हणजे क्षेत्र. स्ट्रिंग म्हणजे शेऱ्याचा रकाना. बूल म्हणजे कब्जा आहे का, होय किंवा नाही, "आन तिसरं उत्तर देनाऱ्याला भाईर काढायचं." लिस्ट म्हणजे कच्ची नोंद, हवी तशी बदला. टपल म्हणजे मंजूर नोंद, तिला हात लावायचा नाही. मी शिकवत होते आणि ते 'बरोबर' असं म्हणत होते. परीक्षक नक्की कोण, हे मला कळेनासं झालं.

मोबाईल नंबर कशात ठेवायचा, असं मी विचारलं तेव्हा सगळी पोरं एका सुरात म्हणाली, इंटमध्ये. भाऊसाहेब उठून उभे राहिले. बोलताना ते नेहमी उभे राहायचे.

"ज्याची बेरीज करायची न्हाय, त्यो आकडा न्हाय," ते म्हणाले. "दोन माणसांचे मोबाईल नंबर मिळवून कुणाचा नंबर येतो? कुणाचाच न्हाय. म्हंजी त्यो मजकूर. अवतरणात घाला."

हे वाक्य मी फळ्याच्या वर खडूनं लिहून ठेवलं. पुढे जे झालं ते बघता ते मी स्वतःच्या कपाळावर लिहायला हवं होतं.

भांडण झालं ते फ्लोटवरून. मी दशांशाच्या बेरजेची गंमत दाखवत होते. एक दशांश अधिक दोन दशांश केलं की पायथन तीन दशांश सांगतो, त्यापुढं पंधरा शून्यं आणि शेवटी एक चार. पोरं हसली. भाऊसाहेब पडद्याजवळ गेले, चष्मा वर करून त्या चाराकडे बघत राहिले.

"धा आर अधिक ईस आर," ते म्हणाले. शंभर आरांचा एक हेक्टर. "तीस आर झालं. ह्यो चार कुणाच्या रानातला?"

मी सांगितलं की यंत्राला दशांश पूर्ण साठवता येत नाहीत, बारीकसा फरक राहतो, इतका बारीक की कुणाला कळतही नाही.

"बांध कोरनारा बी हेच म्हनतो. यंदा चार बोटं, कुनाला कळत न्हाय. धा वर्सांनी बघावं तर नांगर शेजाऱ्याच्या विहिरीपाशी."

त्या दिवशी डायरीत त्यांनी 'संगणकाने बांध कोरला' अशी नोंद केली आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मग पुढचे दोन दिवस बसून सगळी क्षेत्रं हेक्टरऐवजी पूर्ण चौरस मीटरमध्ये करून इंटमध्ये घातली. हे खरोखरच बरोबर उत्तर आहे. जाणकार तेच करतात. मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "जानकार नुस्तं. त्यांनी कधी मोजणीत मार खाल्ला न्हाय."

टाईप विचारायची आज्ञा कळल्यापासून मात्र ते सुटले. कुठल्याही वस्तूवर ती चालवली की ती वस्तू कोणत्या प्रकारची आहे हे पायथन सांगतो. भाऊसाहेब ती माणसांवर चालवायला लागले. एसटीचा कंडक्टर बूल, बसा नाहीतर उतरा. क्लासचे मालक फ्लोट, "बोलनं संपतच न्हाय, टिंबाच्या पुढं चालूच." वस्तीवरच्या एका पुढाऱ्याला ते स्ट्रिंग म्हणायचे. "दिसायला आकडा. पर अवतरणातला पाच अन् अवतरणातला पाच मिळवा, धा होत न्हाईत, पंचावन्न दिसत्यात. ह्यो मानूस बी तसाच. शेजारी उभा ऱ्हातो, फुगून दिसतो, बेरीज व्हत न्हाय." मी माझा टाईप विचारला. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "तुमचं अजून निरंक."

मला ते लागलं होतं. तीन ठिकाणी मुलाखती देऊन नापास झाले होते. पण त्यांनी रिकामं म्हटलं नव्हतं, हे मला एसटी लागल्यावर, ते निघून गेल्यावर लक्षात आलं.

एक गोष्ट आणखी सांगायला हवी. एका पोरीनं वहीत चुकलेली ओळ गिरवून गिरवून काळी केली होती. भाऊसाहेबांनी वही बघितली आणि एखाद्याची जखम बघावी तसं तोंड केलं. "बाळा, खोडायचं तर एकच रेघ. खालचं वाचता आलं पायजे. आन शेजारी सही. असं काळं केलं की त्याला खाडाखोड म्हनत्यात. सही आसंल तर दुरुस्ती."

"तुमच्या दप्तरात कितीये दुरुस्त्या?" तिनं विचारलं.

"खाडाखोड न्हाय, दुरुस्तीबी न्हाय," ते म्हणाले, आणि एवढ्या एकाच वेळी मी त्यांना छाती पुढं काढताना पाहिलं.

पाळीपत्रकाचा प्रोग्रॅम तयार झाला तो एका शुक्रवारी, त्यांची साडेचारची एसटी सुटायच्या आधी. एकवीस रानांचे सातबाऱ्यावरचे गट नंबर त्यांनी स्वतः, एका बोटानं, डाव्या हातानं कागद धरून घातले. यंत्रानं क्रम लावला, वेळा लावल्या, यादी पडद्यावर आली. भाऊसाहेबांनी मोजली. एकवीस. तास मोजले, बरोबर. मग थांबले.

"मॅडम, बाकी समदे साधे आकडे हायेत. ह्या दोघांच्याच शेवटाला टिंब शून्य हाय. ही शेपूट कशाची?"

चार वीस झाले होते. खाली मालक हिशेबाला बोलावत होते. मी पडद्याकडे नीट पाहिलंही नाही. "तो नुसता दाखवायचा प्रकार असतो. इंट लावा, शेपूट जाईल."

त्यांनी इंट लावलं. शेपूट गेली. त्यांनी यादी छापली, लाल फडक्यात बांधली आणि एसटी गाठली.

बारा दिवसांनी फोन आला. "मॅडम, पंचनाम्याला यावं लागंल." मला वाटलं कुणीतरी गेलं.

झालं होतं ते असं. त्या एकवीस रानांत एक रान होतं गट नंबर चौऱ्याऐंशी बटा दोन. मूळ चौऱ्याऐंशी, भावाबहिणीत वाटणी झाली, एक बटा एक, दुसरं बटा दोन. बटा दोन अनुसयाबाईंचं. या बाई एकट्या रान करायच्या, काकडी लावायच्या आणि त्यांच्या तोंडापुढं मोटारीचा आवाज कमी पडायचा. भाऊसाहेबांनी कागदावर दिसलं तसं यंत्रात घातलं, चौऱ्याऐंशी, तिरपी रेघ, दोन. अवतरणाशिवाय. चौतीस वर्षं ते त्याला गट नंबरच म्हणत आले होते, तो नंबर नाही हे त्यांच्या डोक्यात येणार कसं? यंत्रानं ती रेघ बघितली आणि भागाकार केला. उत्तर आलं बेचाळीस. भागाकार केला की पायथन टिंब शून्य लावून देतो, तीच ती शेपूट. म्हणजे यंत्र बिचारं ओरडून सांगत होतं की हा मी भागाकार केलाय, आणि मी त्याची शेपूट कापायला लावली. दुसरी शेपूट बटा एकची. चौऱ्याऐंशी भागिले एक चौऱ्याऐंशीच, त्यामुळे त्या भावाला आपलं पाणी वेळेवर मिळालं आणि तो गप्प बसला.

आता गट नंबर बेचाळीस कुणाचा? भाऊसाहेबांचा.

भिंतीवर लावलेल्या यादीत बेचाळीसला दोन पाळ्या होत्या आणि चौऱ्याऐंशी बटा दोनचा पत्ताच नव्हता. भाऊसाहेब क्लासला आले असताना दुसरी पाळी आली, त्यांच्या वाटेकऱ्यानं पाणी आलं तसं घेतलं. भाऊसाहेबांचा ऊस तरारला आणि अनुसयाबाईंच्या काकडीच्या वेलांनी माना टाकल्या.

मी पोचले तेव्हा योजनेच्या पत्र्याच्या खोलीपुढं तीसेक माणसं होती. भाऊसाहेब सतरंजीवर बसले होते, पुढ्यात लाल फडकं, गाठ न सोडलेलं. कुणी आवाज चढवत नव्हतं आणि तेच वाईट होतं. एक जण तेवढा म्हणाला, "चौतीस वर्सं जमलं न्हाय ते क्लास लावून शिकलं." दोघे-तिघे हसले. भाऊसाहेबांनी मान वर केली नाही. या माणसाचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि त्याला कारण मी होते, हे मला तोवर कळलंही नव्हतं.

अनुसयाबाई पुढं आल्या. "भाऊसाहेब, माझा भाऊ मला वाटा द्यायला तयार नव्हता, तवा तुमी नोंद केली. ती बटा दोनची रेघ तुमच्या हातची हाय. त्या रेघंवर मी रान करती. मग माझं पानी कुठं गेलं, येवढंच सांगा."

"सांगतो," भाऊसाहेब म्हणाले. "पर माझ्या तोंडावर इस्वास ठिवू नका. यंत्राला इचारू. मॅडम, गाठ सोडा."

मी गाठ सोडली. प्रोग्रॅम उघडला आणि ती ओळ दिसताच माझी पाचावर धारण बसली. मी चौऱ्याऐंशी, रेघ, दोन एवढंच लिहून चालवून दाखवलं. बेचाळीस टिंब शून्य. मग टाईप विचारला. फ्लोट. मी तोंड उघडलं, शेपटीचं सांगायला, पण समोरची तीस माणसं बघून पुन्हा पडद्यात डोकं घातलं.

अनुसयाबाई वाकून बघत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. "चौऱ्याऐंशीला दोनानं भागलं की बेचाळीसच येनार," त्या सावकाश म्हणाल्या. मग भाऊसाहेबांकडे वळल्या. "म्हंजी ह्या मुडद्यानं माझं रान निम्मं करून तुमच्या रानात घातलं व्हय?"

"तसंच म्हना."

"अवो, मग ह्यो कंप्युटर हाय का माझा भाऊ?"

सगळे हसले, तो भाऊही हसला. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातून निळं पेन काढलं, कोरा कागद घेतला आणि पंचनामा लिहायला बसले. हसणं आपोआप थांबलं. तलाठी पंचनामा लिहायला लागला की आमच्याकडे माणसं अजूनही टोप्या सारख्या करतात.

मधेच त्यांचं पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग काळं पेन निघालं, काहीतरी झालं, आणि पुन्हा निळं चालू झालं. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं. 'समक्ष पाहणी केली असता असे निदर्शनास आले की, गट नंबर ८४/२ हा मजकूर असून तो आकडा म्हणून घातला गेला. सबब यंत्राने भागाकार केला. उत्तरास टिंब-शून्य आलेले होते ते मी काढून टाकले, त्यामुळे चूक झाकली गेली. यात यंत्राचा दोष निरंक.' पुढं त्यांनी आपल्या दोन्ही येत्या पाळ्या अनुसयाबाईंना लिहून दिल्या. अनुसयाबाई पंच क्रमांक एक. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "दोन नगं. येकच माझी हाय." मग माझ्यासमोर कागद आला. माझे डोळे भरले होते, मी न वाचताच सही केली. त्यांना न वाचता सही करणाऱ्याचा मोठा राग, पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

मग त्यांनी तिथंच, तीस माणसांसमोर, एका बोटानं एकवीसच्या एकवीस गट नंबरांना अवतरणं घातली. पाळीपत्रक आजही त्याच प्रोग्रॅमवर चालतं म्हणे.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी मला पुण्याला नोकरी लागली. निघताना मी इंदापूरच्या स्टँडवर बसमध्ये बसले होते तर खिडकीखाली भाऊसाहेब. त्यांनी एक पाकीट वर केलं. "पंचनाम्याची झेरॉक्स. तुमी पंच क्रमांक दोन, प्रत तुमच्याकडं पायजे. आन आता तरी वाचा."

मी वाचायला लागले. तेच टपोरं अक्षर, तीच सरळ ओळ. आणि मधे एका ठिकाणी शब्दांवरून रेघ मारलेली. एकच रेघ. खालचं स्वच्छ वाचता येत होतं. 'उत्तरास टिंब-शून्य आलेले होते ते', आणि पुढं खोडलेले शब्द, 'शिक्षिका यांचे सांगण्यावरून', आणि मग 'मी काढून टाकले'. शेजारी बारीक सही, ज्ञा. शं. भो.

चौतीस वर्षांत जे त्यांनी कुणासाठी केलं नव्हतं, ते त्यांनी माझ्यासाठी केलं होतं, तीस माणसांसमोर, स्वतःच्या नावावर धुरळा उडत असताना. मी खिडकीतून तो कागद त्यांच्यापुढं धरला. "भाऊसाहेब, ही खाडाखोड?"

त्यांनी चष्मा वर करून आपलंच अक्षर तपासलं.

"खाडाखोड न्हाय मॅडम. दुरुस्ती हाय. सही केलीया की शेजारी."

बस हलली. मी वाकून मागे बघत राहिले. त्यांनी हात वगैरे काही हलवला नाही. घड्याळ बघितलं, खिशातून डायरी काढली आणि बस किती वाजता सुटली ते लिहून घेतलं.